तबकडीवरून फाईलकडे: 'रेड हेडेड स्ट्रेंजर'च्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर

काम: अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सन यांच्या 'रेड हेडेड स्ट्रेंजर' या अल्बमच्या मूळ एलपीवरून जपणुकीची डिजिटल प्रत करणे. कोलंबिया, क्रमांक केसी ३३४८२, मे १९७५. हाताशी दोन प्रती आहेत; पुढे त्यांना 'क' आणि 'ख' म्हटले आहे. 'क'चे कव्हर फाटके, पण खाचा चकचकीत. 'ख'चे नेमके उलटे: कव्हर उत्तम, आणि दोन पावसाळे बंद कपाटात गेल्याने तबकडीवर बुरशीचे पांढुरके ठिपके.

हाच अल्बम आधी घ्यायचे कारण असे की यात लपायला जागा नाही. त्या काळच्या नॅशव्हिलच्या बऱ्याच रेकॉर्डवर व्हायोलिनचा ताफा आणि मागे कोरस असे. तबकडीची बारीक खरखर त्यात बुडून जाई. इथे बराच वेळ एक गळा, एक गिटार आणि भोवती मोकळी जागा. बॉबी नेल्सन यांचा पियानो, मिकी राफेल यांचा माउथ ऑर्गन, बी स्पिअर्स यांचा बेस, पॉल इंग्लिश यांचे ड्रम, सगळे बेताने येतात आणि बाजूला होतात. अशा मुद्रणात आपण केलेली प्रत्येक ढवळाढवळ ऐकू येते.

ध्वनिमुद्रण जानेवारी १९७५ मध्ये टेक्ससात, डॅलसजवळच्या गार्लंड गावी ऑटम साउंड स्टुडिओत झाले. ध्वनिमुद्रक फिल यॉर्क. खर्च सुमारे ४,००० डॉलर, म्हणजे बड्या कंपनीच्या अल्बमच्या मानाने किरकोळ. काय गायचे आणि कसे, याचा पूर्ण अधिकार करारानेच नेल्सन यांच्याकडे होता. टेप ऐकून कंपनीतल्या वरिष्ठांना हा डेमो वाटला, वर अजून वाद्ये चढवायची आहेत असे वाटले. नेल्सन यांनी काही चढवू दिले नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिले आले. गीतकार म्हणून नेल्सन यांचे नाव आधीच मोठे होते. गायक म्हणून पहिला क्रमांक त्यांना या गाण्याने प्रथमच मिळाला.

त्यावरून या कामाचा नियम ठरवला. तेव्हा ज्याला अपुरे म्हटले गेले ते आता आपण 'पुरे' करायला जायचे नाही. सरसकट नॉइज रिडक्शन नाही, इक्वलायझर नाही, आवाज मोठा करणे नाही. टिका (तबकडीवरच्या धुळीचे, ओरखड्यांचे टिकटिक आवाज) काढायच्या, त्याही एकेक.

८ ऑक्टोबर

धुलाई. द्रावण: डिस्टिल्ड वॉटर १ लिटर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली, फोटो धुताना वापरतात ते वेटिंग एजंट ३-४ थेंब. थेंब जास्त पडले तर फेस उरतो, सुकल्यावर त्याचा थर खाचेत बसतो आणि पहिल्याच वाजवणीत सुईवर राखाडी गोळा होतो. नळाचे पाणी अजिबात नको, त्यातले क्षार खाचेतच वाळतात.

हे द्रावण फक्त व्हाइनलसाठी. घरात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील (जुन्या नाट्यसंगीताच्या बहुतेक तशाच असतात) तर त्यांना अल्कोहोलचा थेंबही लागू देऊ नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तबकडी कायमची जाते. वजन आणि जाडी पाहून शंका आली तरी थांबावे.

बुरशीची 'ख' प्रत आधी गच्चीवर नेऊन, मास्क लावून कोरड्या मऊ ब्रशने झाडली. घरात झाडली तर बीजकण बाकीच्या कव्हरांवर जाऊन बसतात. मग तबकडी आडवी ठेवून, लेबलवर प्लास्टिकची गोल झाकणी दाबून द्रावण पसरले. ३ मिनिटे ओले ठेवले, ब्रश खाचेच्या दिशेने फिरवला, आडवा कधीच नाही. दोनदा डिस्टिल्ड पाण्याने धुऊन मायक्रोफायबरने टिपले आणि उभे ठेवून तीन तास वाळवले. पंखा बंद, नाहीतर ओल्या खाचांवर खोलीतली सगळी धूळ येऊन बसते.

जुनी कागदी आतली पाकिटे बाजूला ठेवली आणि नवी पॉलिथिनची घातली. मऊ पीव्हीसीची पाकिटे घेऊ नयेत, कालांतराने तबकडीवर धुरकट डाग पडतात.

'ख'ची पहिली बाजू छान निघाली. दुसऱ्या बाजूवर शेवटच्या दोन गाण्यांजवळ डाग गेले, पण खाचेची भिंत खडबडीत राहिली. भिंगाखाली दिसते. बुरशीने जिथे घर केले ती जागा धुऊन परत येत नाही.

१० ऑक्टोबर

टर्नटेबल टेक्निक्स एसएल-१२००, कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५एमएल. हेडशेलच्या (आर्मचे पुढचे टोक, जिथे कार्ट्रिज बसते) रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिमी, हे टेक्निक्सचे माप. आधी त्यावर बसवून मग प्रोट्रॅक्टरने तपासले. वजन २.० ग्रॅम, डिजिटल काट्यावर मोजून. आर्मवरच्या आकड्यांवर विसंबून राहू नये, शून्य जरा चुकले की सगळेच चुकते. आणि वजन कमी ठेवले की तबकडी जपली जाते ही समजूत घातक आहे: हलकी सुई खाचेत नाचते आणि भिंतींवर आपटते. जास्त झीज त्याने होते.

मायक्रोलाइन टोक घेण्याचे कारण: ते खाचेच्या भिंतीला उभ्या लांब रेषेत टेकते, त्यामुळे जुन्या गोल टोकाने न घासलेला भाग वाचता येतो. पन्नास वर्षांच्या तबकडीवर हा फरक सर्वात जास्त 'स' आणि 'श'मध्ये कळतो. नेल्सन शब्द अगदी जवळून, बोलल्यासारखे गातात. सुई एक अंश तिरकी बसली तरी दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे 'स' फुटतो.

अँटी-स्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) १.५ वर ठेवले. २ वर डाव्या चॅनेलचा 'स' किंचित फाटत होता.

११ ऑक्टोबर

दिवसभर भुणभुण शोधली.

फोनो स्टेजमध्ये (सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्रात) आरआयएए वळण उलटे लावले जाते. तबकडी कापताना मंद्र स्वर दाबलेले आणि तार स्वर उचललेले असतात. वाजवताना २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबेल (डीबी) वाढ, २० किलोहर्ट्झला जवळपास तितकीच घट. म्हणजे घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची भुणभुण जवळजवळ १७ डीबीने फुगवूनच पुढे जाते. (हे वळण ज्या संस्थेच्या नावाने ओळखले जाते, गोल्ड आणि प्लॅटिनम तबकड्यांची मोजणीही तीच करते. हा अल्बम तिच्या वहीत दुहेरी प्लॅटिनम आहे.)

अमेरिकन रेकॉर्ड भारतात वाजवताना एक सोय आपोआप मिळते. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेवर किती आवाज आहे त्याचे चित्र) काढला की ५०, १०० आणि १५० वरचे सुळके आपल्या घरचे. ६०, १२० किंवा १८० वर काही दिसले तर ते तिकडच्या स्टुडिओतले किंवा कटिंगच्या वेळचे, म्हणजे रेकॉर्डचाच भाग. आपले काढायचे, त्यांचे राहू द्यायचे. ५० च्या घरची जुनी मराठी किंवा ब्रिटिश रेकॉर्ड असती तर हा निवाडा इतका सरळ झाला नसता.

सुई वर, आर्म स्टँडवर, प्लॅटर फिरता ठेवून एक मिनिट मुद्रित केले. ५० आणि १५० वर ठळक सुळके. क्रमाने पाहिले:
लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर घेतला, १५० चा सुळका जवळपास गेला.
टोनआर्मच्या अर्थिंगच्या वायरचा स्क्रू सैल होता. घट्ट केल्यावर ५० चा अर्ध्याहून खाली आला.
फोनो स्टेजचा अडॅप्टर टर्नटेबलपासून दीड हात लांब नेला, उरलेलाही मावळला.

सॉफ्टवेअरने ५० हर्ट्झचा पट्टा कापून टाकणे सोपे होते, पण बेसच्या खालच्या सुरांचा पाया तिथेच असतो. बेसच्या गिटारीवरचा मोकळ्या 'ए' तारेचा स्वर ५५ हर्ट्झ आहे. भुणभुणीचे कारण दूर केले की पट्टा कापावा लागत नाही.

१३ ऑक्टोबर

वेग. ३१५० हर्ट्झच्या चाचणी तबकडीवर फरक नगण्य. स्ट्रोब कार्ड (वेग तपासायचे रेघांचे कार्ड) वापरणाऱ्यांसाठी: ३३⅓ ला ५० हर्ट्झच्या दिव्याखाली १८० रेघांचे वर्तुळ लागते, ६० हर्ट्झसाठी छापलेल्या अमेरिकन कार्डावर २१६ असतात. चुकीचे कार्ड घेऊन वेग 'दुरुस्त' केला तर सगळी प्रत बेसूर होते. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा नीट स्थिर दिसतच नाहीत, निऑनचा छोटा दिवा घ्यावा. तिकडून आणलेले सिंक्रोनस मोटरचे (विजेच्या वारंवारतेवर वेग ठरणारे) जुने टर्नटेबल नुसत्या ट्रान्सफॉर्मरवर चालवले तर व्होल्टेज जुळते, वारंवारता नाही. प्लॅटर ३३⅓ ऐवजी २७.८ ला फिरतो. पुली बदलावी लागते.

यानंतर खरी अडचण. 'क'च्या पहिल्या बाजूच्या शेवटी 'जस्ट ॲज आय ॲम' ही पियानोची रचना आहे. पियानो हलत होता. लांब स्वर दर १.८ सेकंदांनी किंचित चढून उतरत होता, आणि १.८ सेकंद म्हणजे प्लॅटरचा नेमका एक फेरा. मधले भोक केंद्रापासून सरकलेले. आर्मशेजारी पट्टी धरून पाहिले: हेडशेल प्रत्येक फेऱ्यात ०.८ मिमी आत-बाहेर होते, म्हणजे भोक ०.४ मिमी बाजूला.

ही चूक बाहेरच्या खाचांवर कमी आणि आत जास्त का कळते, ते हिशेबाने दिसते. १४५ मिमी त्रिज्येवर ०.४ म्हणजे सुमारे ०.२८ टक्के, साधारण ५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). ७५ मिमीवर ०.५३ टक्के, ९ सेंट, तेही दोन्ही बाजूंना. गळा आणि माउथ ऑर्गन स्वतःच स्वर वाकवतात, त्यात ५ सेंट खपून जातात. पियानोची तार एकदा वाजली की वाकत नाही. तिथे कान लगेच अडतो.

उपाय तीन होते. गोल कानसीने भोक मोठे करून तबकडी हाताने केंद्रावर आणणे: चालते, पण प्रत कायमची बदलते. सॉफ्टवेअरने स्वर सरळ करणे: एकल पियानोच्या विरत जाणाऱ्या नादात त्याच्या खुणा राहतात. तिसरा म्हणजे 'ख' वाजवून पाहणे. 'ख'ची पहिली बाजू जवळजवळ केंद्रात निघाली, आर्मचे हेलकावे जेमतेम ०.२ मिमी. तेवढी एक रचना 'ख'वरून घ्यायची ठरली.

१४ ऑक्टोबर

मुद्रण. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ (सेकंदाला ९६,००० नमुने). सुई टेकण्याआधीपासून उचलेपर्यंत सलग, प्रत्येक बाजू एकच फाईल. मिनिटाला सुमारे ३४.५ एमबी; पहिली बाजू (गाणी साधारण १५ मिनिटे) ५७० एमबी, दुसरी (साधारण साडेअठरा) ६७० च्या पुढे.

गेन (मुद्रणाची पातळी) ठरवताना बाजू आधी पूर्ण वाजवून संगीताची शिखरे −१२ डीबीच्या आसपास आणली. −३ ला संगीत आणण्याचा मोह धरू नये: टिका संगीताहून उंच असतात, त्या छाटल्या गेल्या की त्यांच्या कडा सपाट होतात आणि पुढे ओळखायला जड जातात. २४ बिटमध्ये वरची १२ डीबी मोकळी सोडल्याने काही गमावत नाही.

'क'च्या दोन्ही बाजू, 'ख'ची पहिली बाजू. प्रत्येकी दोन वेळा, मध्ये एक दिवस सोडून. 

१७ ते २० ऑक्टोबर

टिका.

आधी टिका आपोआप काढणारे डीक्लिक साधन मध्यम संवेदनेवर चालवून पाहिले आणि 'काढलेला भाग' वेगळ्या फाईलमध्ये ऐकला. ही सवय सर्वांनी लावून घ्यावी. त्या फाईलमध्ये फक्त टिकटिक हवी. आमच्या फाईलमध्ये गिटार ऐकू येत होती.

कारण वाद्यातच आहे. नेल्सन यांची 'ट्रिगर' ही मार्टिन एन-२०, नायलॉन तारांची. अशी गिटार बोटांनी वाजवण्यासाठी बनवलेली असते, म्हणून तिच्यावर पिकगार्ड (पिकचे घासणे अडवणारी पट्टी) नसतो. नेल्सन ती पिकने वाजवतात, आणि वर्षानुवर्षे तसे वाजवून तिच्या पुढच्या फळीला आरपार भोक पडले आहे. आत बाल्डविनचा पिकअप. त्यामुळे प्रत्येक स्वराच्या तोंडाशी पिकचा कोरडा टक्क असा आघात असतो, आणि यंत्राला तो आघात आणि तबकडीवरची टीक सारखीच दिसते. आघात कापला गेला की स्वर मऊ होतो, बोटांनी वाजवल्यासारखा. ऐकणाऱ्याला काय चुकले ते सांगता येत नाही, पण गिटार दुसऱ्याच कोणाची वाटते.

लहरीचे चित्र मोठे करून पाहिले की फरक कळतो. टीक दोन्हीकडून उभी, रुंदी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत, म्हणजे ९६ किलोहर्ट्झला ५० नमुन्यांहून कमी, आणि मागे शेपूट नाही. आघात चढताना तितकाच उभा, पण उतरताना दहा-वीस मिलिसेकंदांची शेपूट आणि तिच्यातच स्वर सुरू होतो. शिवाय टीक बहुधा एका चॅनेलमध्ये जास्त असते. मध्यभागी मुद्रित गिटार दोन्हीकडे सारखी येते.

स्वयंचलित साधन बंद केले. पहिल्या बाजूवर ६३, दुसऱ्यावर ४१ जागा हाताने भरल्या. वेळ साधारण दोन तास एका बाजूला. गाण्याच्या मोकळ्या जागेतल्या टिका आधी घेतल्या, गळ्याखाली झाकलेल्या बहुतेक तशाच ठेवल्या.

खाचेची मूळ सरसर ठेवली. 'ब्लू आइज'मध्ये ओळ संपल्यावर जो श्वासभर थांबा येतो, तिथे सरसर काढून पाहिली होती. थांबा पोकळ झाला, खोलीची हवाच निघून गेल्यासारखा, आणि गिटारचा नाद मधेच तुटला. तो प्रयोग पुसून टाकला.

'जस्ट ॲज आय ॲम' 'ख'वरून जोडले. आधीच्या छोट्या थीमनंतर पातळी जिथे सर्वात खाली जाते तिथे ४० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक उतरताना दुसरे चढते). 'ख'ची पातळी ०.६ डीबीने कमी होती, ती जुळवली. 'ख'ची सरसर किंचित जास्त आहे. जोड कानाला कळत नाही, लक्ष देऊन ऐकले तर पोत बदललेला जाणवतो. नोंदपत्रात लिहिले आहे.

२२ ऑक्टोबर

तुकडे पाडणे. हा अल्बम एक सलग कथा आहे: बायको परक्याबरोबर निघून गेल्यावर धर्मोपदेशक दोघांचा जीव घेतो आणि घोड्यावर रानोमाळ भटकतो. 'टाइम ऑफ द प्रीचर'ची चाल तीनदा येते, एकदा पूर्ण आणि दोनदा तुकड्याने, त्यातला दुसरा तुकडा अर्ध्या मिनिटाचाही नाही. शीर्षकगीत एकदा 'ब्लू रॉक मॉन्टाना'शी जोडून आणि एकदा स्वतंत्र. म्हणून फाईलच्या नावात क्रमांक पुढे हवाच (०१ ते १५), नाहीतर एकाच नावाच्या फाईल एकमेकींवर लिहिल्या जातात. वर्णानुक्रमाने वाजवणाऱ्या प्लेअरमध्ये कथेचाही चुराडा होतो.

फेड-इन, फेड-आउट कुठेही नाही. कापण्याची जागा सेकंदाच्या १/७५ व्या भागावर आणावी, म्हणजे ९६ किलोहर्ट्झला १२८० च्या पटीत आणि ४४.१ ला ५८८ च्या पटीत. सीडीची चौकट तेवढीच असते. जागा मधे पडली तर सीडी करताना उरलेल्या नमुन्यांत शांतता भरली जाते आणि सांध्यावर टक्क येते. ४४.१ ची प्रत करताना आधी सलग बाजू रूपांतरित करावी, मग कापावी. तुकडे पाडून एकेक रूपांतरित केले तर फिल्टरच्या कडा प्रत्येक सांध्यावर ऐकू येतात. एमपी३ टाळली, तिच्या सुरुवातीला एन्कोडरची स्वतःची रिकामी जागा येते.

२४ ऑक्टोबर

माहिती भरली. इथे घाईने सगळीकडे 'विली नेल्सन' टाकण्याची चूक सर्रास होते. यातली निम्म्याहून अधिक गाणी त्यांची नाहीत. शीर्षकगीत एडिथ लिंडमन आणि कार्ल स्टट्झ यांचे. 'ब्लू आइज' फ्रेड रोझ यांचे. 'कॅन आय स्लीप इन युवर आर्म्स' हँक कॉक्रन, 'रिमेंबर मी' स्कॉट वाइजमन, 'हँड्स ऑन द व्हील' बिल कॅलरी, 'डाउन याँडर' एल. वुल्फ गिल्बर्ट. 'जस्ट ॲज आय ॲम'चे शब्द शार्लट एलियट यांचे आणि चाल विल्यम ब्रॅडबरी यांची. इथे फक्त चाल आहे, म्हणून शब्दकार वेगळ्या रकान्यात.

'ओअर द वेव्ह्ज'कडे विशेष लक्ष. हा वॉल्ट्झ मेक्सिकोच्या हुवेंतिनो रोसास यांचा, मूळ नाव 'सोब्रे लास ओलास'. तो स्ट्राउसचा समजून कित्येक ठिकाणी तसा नोंदला गेला आहे. सर्कसच्या तंबूपासून टेक्ससच्या गावजत्रेपर्यंत तो पोचला आणि वाटेत रोसास यांचे नाव गळाले. आमच्या फाईलवर ते आहे.

२६ ऑक्टोबर

साठवण. चार गोष्टी वेगळ्या फोल्डरांत: न छेडलेली मूळ मुद्रणे (वेव्ह), टिका काढलेल्या सलग बाजू (फ्लॅक, ९६/२४), १५ तुकडे (फ्लॅक, ४४.१/१६) आणि दोन्ही प्रतींच्या लेबलांची व शेवटच्या मोकळ्या खाचेजवळ कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकांची छायाचित्रे. प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ आकडा (फाईल बदलली नाही ना, हे तपासायला) एका साध्या मजकूर फाईलमध्ये. दोन हार्ड डिस्क, तिसरी प्रत दुसऱ्या गावी.

नोंदपत्रात प्रत्येक भरलेल्या टिकेची वेळ आहे, म्हणजे पुढे कोणाला आमचा हात नको असेल तर मूळ मुद्रणावरून तेवढी जागा परत घेता येईल.

शिल्लक: 'ख'ची दुसरी बाजू थंडीत, हवा कोरडी झाल्यावर पुन्हा धुऊन पाहायची. 'क'च्या दुसऱ्या बाजूला 'बांदेरा'च्या आधी एक खोल ओरखडा आहे, सलग नऊ फेरे दर १.८ सेकंदांनी ठोका देतो. तो भरला आहे, पण 'ख'ची तेवढी जागा साफ निघाली तर ती घ्यायची.

२७ ऑक्टोबर

सलग ऐकणे, दोन्ही बाजू, हेडफोनवर आणि मग स्पीकरवर. 'रेड हेडेड स्ट्रेंजर'च्या स्वतंत्र आवृत्तीत, दुसऱ्या मिनिटाच्या सुमारास, हाताने भरलेली एक जागा चुकली होती: टीक समजून पिकचा आघात भरला गेला होता. मूळ परत घातले. भरलेल्या जागा आता १०३.